संडेचा कोळसा

इंग्रजी आलं की माणसाचं भलं होतं, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे. माझे मामा तर जास्तच. बारावी करून मी धावडा या आमच्या गावाहून जालन्याला त्यांच्याकडे शिकायला आलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. रोज संध्याकाळी इंग्रजी पेपरातला एक मजकूर त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचा. त्यांना स्वतःला इंग्रजीचं अक्षरही कळत नव्हतं. कामावर कानावर पडलेले फायर, ओके, ओव्हरटाइम, संडे, एवढीच त्यांची पुंजी. पण ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मी एखादी अवघड ओळ गाळली की बराबर पकडायचे. "मधी उडी मारलीस," म्हणायचे, "माघारी ये." कसं कळायचं कोण जाणे. मला भयंकर राग यायचा.

मामा एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. लोखंडाचे लांबट ठोकळे भट्टीत तापवायचे आणि रोलमधून दाबून त्यांच्या सळ्या काढायच्या, असं तिथलं काम. ठोकळा काढण्याजोगा झाला की नाही ते मामा सांगायचे. तापमान दाखवणारं यंत्र भिंतीवर होतं, त्याच्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही बघितलं नाही. "पिकल्या मोसंबीचा रंग आला पाह्यजे," एवढंच त्यांचं माप. ते डोळे बारीक करून दारातून आत बघायचे आणि हात वर करायचे. हात वर झाल्याशिवाय ठोकळा हलायचा नाही, मग शेठ स्वतः येऊन उभे राहिले तरी.

माझं कॉलेज झाल्यावर मामांनी शेठकडे शब्द टाकला आणि मला तिथंच ऑफिसात चिकटवलं. पत्रं लिहायची, मेल बघायचे, साहेब लोक आले तर त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं. एकाच मोटरसायकलवर आम्ही दोघं जायचो. गेटच्या आत शिरलो की मी डावीकडे, पंख्याखाली, आणि ते उजवीकडे, भट्टीपुढे. कारखान्यातले सगळेच त्यांना मामा म्हणायचे, त्यामुळं ते माझे खरे मामा आहेत हे नव्या माणसांना सांगावं लागायचं, आणि मी ते दरवेळी सांगायचोच असं नाही. आता खोटं कशाला बोलू.

आमच्या कारखान्याला सुट्टी संडेला. मामा कधी रविवार म्हणायचे नाहीत, संडेच. सुट्टीच्या दिवशी ते अंघोळ करून पांढरा शर्ट घालायचे आणि विहारात वंदनेला जायचे, पण आधी वाट वाकडी करून कारखान्यात. भट्टी एकदा गार झाली की आतल्या विटा तडकतात, आणि परत तापवायला दोन-दोन दिवस जातात. म्हणून सुट्टीतही दार लावून, हवा कमी करून, थोडा थोडा कोळसा देत आग धुमसत ठेवायची. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचा ओव्हरटाइम नव्हता. कोरोनात कारखाना बंद पडला तेव्हा एकदाच भट्टी गार झाली होती. उघडल्यावर आतली एक भिंत ढासळलेली निघाली. मामा त्या दिवशी जेवले नव्हते. त्यानंतर त्यांनी एकही संडे चुकवला नाही. मामी म्हणायची, "त्या भट्टीसंगच लगीन लावायचं व्हतं की." मामा हसायचे आणि चप्पल घालायचे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. एका सकाळी शेठनं मला आत बोलावलं आणि कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. "हे काय झंझट आहे बघ जरा."

झंझट असं होतं. आमच्या सळ्या संभाजीनगरच्या एका कारखान्यात जायच्या, तिथं त्यांचे बोल्ट बनायचे, ते बोल्ट पुण्याकडे जायचे, आणि शेवटी एका मोठ्या मोटार कंपनीच्या गाड्यांत बसायचे. त्या कंपनीनं ठरवलं होतं की आपली गाडी कार्बन न्यूट्रल करायची. म्हणजे गाडी बनवताना जेवढा धूर हवेत जातो तो होईल तितका कमी करायचा, आणि उरलेल्याची भरपाई झाडं लावून वगैरे करायची. बरं, नुसता त्यांच्या कारखान्याचा धूर नाही. गाडीतल्या प्रत्येक तुकड्याचा धूर. म्हणजे बोल्टचा. म्हणजे सळीचा. म्हणजे मामांच्या भट्टीचा.

"आपण कुठं गाड्या बनवतो?" शेठ म्हणाले.

मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वाईट आहे का हे? चांगलंच आहे. पण माझ्याच गळ्यात का?" उन्हाळा दरवर्षी वाढतोय हे मला दिसतं, गावाकडची विहीर कधी तळाला जाते हेही माहीत आहे. त्या कंपनीचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही. हीच तर पंचाईत आहे.

मेलसोबत एक फॉर्म होता. कोळसा किती, वीज किती, भट्टी दिवसाला किती तास. मी दोन दिवस बसून भरला. एका ओळीत विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी किती तास. मी थांबलो आणि शेठकडे बघितलं.

"सुट्टी म्हणजे बंद," शेठ म्हणाले. "बंद लिही."

मला माहीत होतं की बंद नसतं. दर संडेला सकाळी मामा पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर कोळशाचा डाग घेऊन घरी येतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी शून्य लिहिलं.

मग कळवण्यात आलं की कंपनीकडून एक मॅडम बघायला येणार. शेठनं मला बसवून घेतलं, चहा मागवला, आणि स्पष्टच बोलले. भट्टी थोड्याफार दुरुस्तीवर पास झाली तर ठीक. नाही झाली तर विजेवर तापवायचं यंत्र आणावं लागेल, नाहीतर आपली सळी कुणी घेणार नाही. "अन् यंत्र आलं तर ते बटणावर चालतं. मंग मामांना कुठं बसवू, तूच सांग." मामांचं वय तेव्हा छप्पन्न होतं. भट्टीशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. मी म्हणालो, "मी सांभाळून घेतो, शेठ. सगळं बोलणं माझ्याच हातात आहे." किती ऐट होती मला.

घरी येताना मोटरसायकलवर मामांना हे सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कार्बन म्हटलं की ते दहा प्रश्न विचारणार, मला कंटाळा आला. आणि तुमच्या भट्टीवर गंडांतर आलंय हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी सोपं करून सांगितलं. म्हणालो, "मामा, मोठ्या कंपनीची बाई येऊन राह्यली. तुमचं काम बघायला."

"माझं?" मामा म्हणाले.

"हो. विचारलं तेवढंच सांगा फक्त."

मॅडम यायच्या दिवशी मामा कामाला पांढरा शर्ट घालून निघाले. संडेचा. मी मोटरसायकल काढली.

मॅडम चेन्नईच्या. वय माझ्याएवढंच, बोलणं मऊ, पायात कारखान्याचे जाड बूट स्वतःचेच आणलेले. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. त्यामुळं सगळा कारभार माझ्या तोंडून. सगळं छान चाललं होतं. धुराडं बघितलं, कोळशाचा ढीग बघितला, माझा फॉर्म हातात धरून एकेक ओळ ताडून घेतली. मग भट्टीपाशी आल्या. मामांनी डोळे बारीक केले, हात वर केला, ठोकळा बाहेर आला. मॅडम बघतच राहिल्या. त्यांनी यंत्रावरचा आकडा बघितला, मामांकडे बघितलं, आणि मला म्हणाल्या, यांना विचारा, किती वर्षं सांभाळताय ही भट्टी?

साधा प्रश्न. कौतुकानं विचारलेला. मी मामांना विचारला.

मामांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सुरुवात केली. "सांगा त्यांना, ही भट्टी पेटवली तव्हा मी व्हतो. तव्हापासून ती मी गार होऊ देली न्हाई. कोरोनात एकदा झाली, ती एकदाच. सगळे म्हणतेत सुट्टीला बंद ठेवा. मी न्हाई ठेवत. संडेला मी सोता येतो, कोणी सांगत न्हाई, कोळसा देतो, दोन तास बसतो अन् मंग वंदनेला जातो. एक संडे चुकवला न्हाई मी. सांग."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या, पेन कागदावर टेकवून. मी इंग्रजीत म्हणालो, हे सुरुवातीपासून इथं आहेत, भट्टीवर त्यांचा फार जीव आहे, एकदाच बंद पडली होती, कोरोनात. आणि थांबलो.

मॅडमनी मान डोलावली. पुढे निघाल्या.

"संडेचं न्हाई सांगितलंस तू," मामा म्हणाले.

मी म्हणालो, "सांगितलं की."

"न्हाई. मी ऐकून राह्यलो ना. संडे आलाच न्हाई. मधी उडी मारलीस." त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटतं त्यांना वाटलं, भाचा आपल्या कष्टाचं श्रेय खातोय, किंवा त्याला आपली लाज वाटतेय. दुसरं ते अगदीच खोटं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, बोटं दाबली, डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी हात सोडवून घेतला, दोन पावलं पुढे गेले आणि मॅडमपुढे उभे राहिले. छातीवर हात ठेवला. "मॅडम. संडे. मी. संडे, फायर. एव्हरी संडे. ओके?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या फॉर्मकडे. शून्याच्या ओळीवर त्यांचं बोट गेलं ते मला दिसलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, हे काय म्हणताहेत?

सांगायलाच लागलं. सगळं सांगितलं, एक ओळ न गाळता. मामा डोळे मिटून ऐकत होते, आणि संडे हा शब्द आला तेव्हा त्यांनी मान हलवली. मॅडम लिहीत होत्या. मी म्हणालो, फॉर्ममधली चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, मला जे दिसलं आणि ऐकलं ते लिहावं लागेल. रागावून नाही म्हणाल्या, उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. जाताना त्यांनी मामांना भट्टीपुढे उभं करून फोटो काढला. मामा ताठ उभे राहिले आणि हसले. परत येताना गाडीवर मला म्हणाले, "बघ, बाईला कळलं. कदर हाये तिला." मी गाडी चालवत राहिलो.

महिनाभरानं रिपोर्ट आला. सळी निघत नसतानाही कोळसा जळतो, फॉर्ममध्ये तो दाखवलेला नाही, भट्टी बदलणं सगळ्यात आधी. शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "दोन मिनिटं गप्प बसता आलं न्हाई का तुझ्या मामाला?" मी म्हणालो नाही की ते माझ्यामुळं बोलले. यंत्राची ऑर्डर मीच टाइप केली.

मामांना एवढंच कळलं की शेठला विजेवरचं नवं मॉडेल पाहिजे. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आले. "वीज कशावर बनती?" त्यांनी विचारलं.

"कोळशावर. बहुतेक करून."

"मंग तिथं पण कोणी तरी संडेला येतच असल," मामा म्हणाले. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "त्या मॅडमला एक पत्र लिही. तिनं भट्टी पाह्यली हाये. ती शेठला समजावून सांगल. मी सांगतो, तू इंग्रजीत लिही."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. विटा कशा तडकतात, मोसंबीचा रंग म्हणजे कोणता, एक संडे कसा चुकला नाही, सगळं. त्यांनी ते मोठ्यानं वाचून घेतलं माझ्याकडून. आणि मी ते पाठवलं नाही. त्या पत्रातली ओळ न् ओळ त्यांच्याच विरोधात जाणारी होती, ते पाठवून काय करायचं होतं? पण पाठवणार नाही हे सांगायची हिंमतही झाली नाही. मामा रोज संध्याकाळी विचारायचे, "आलं का उत्तर?" मी म्हणायचो, "येईल. मोठी कंपनी आहे, वेळ लागतो." अशी खोटी उत्तरं देताना जीव नकोसा व्हायचा, तरी देत राहिलो.

भट्टी त्यांच्याच हातानं बंद करायला लागली. कारण हळूहळू गार कशी करायची तेही त्यांनाच येत होतं. शनिवारी कोळसा देणं थांबवलं. संडेला ते नेहमीसारखे अंघोळ करून गेले, दारावर हात ठेवून बघितला आणि तसेच वंदनेला गेले. पांढरा शर्ट घरी आला तेव्हा बाहीवर काहीच नव्हतं. तरीही मामीनं तो धुवायला टाकला.

शेठनं मामांना काढलं नाही, हे सांगायलाच पाहिजे. कंपनीच्या सांगण्यावरून कारखान्याच्या भिंतीला लागून कडुलिंबाची रोपं लावली होती, त्यांना पाणी घालायचं काम त्यांना दिलं. टँकर येतो, पाइप धरायचा, एका रोपावरून दुसऱ्या रोपावर जायचं. काम हलकं. पण मामा पाइप धरून उभे असले की त्यांचे डोळे आपोआप बारीक व्हायचे, शेडकडे बघत. आत यंत्राचं बटण दाबलं की ठोकळा आपोआप बाहेर यायचा, त्याला कुणाच्या हाताची गरज नव्हती. मी ऑफिसच्या खिडकीतून बघायचो आणि पडदा ओढून घ्यायचो. दुसरं काय करू शकत होतो?

ह्या उन्हाळ्यात कंपनीकडून एक जाड लिफाफा आला. आत गुळगुळीत कागदाचं पुस्तक, त्यांनी कार्बन न्यूट्रल व्हायला काय काय केलं त्याचं. पवनचक्क्या, सौरऊर्जेची शेतं, हसणारी मुलं. आणि मधल्या एका पानावर, अर्धं पान भरून, मामा. भट्टीपुढे, पांढऱ्या शर्टात, ताठ. मी ते पुस्तक टेबलाच्या खणात टाकणार होतो. पण शेठ माझ्या मागंच उभे होते, आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली, "मामा, फोटो आला तुमचा."

मामांनी पाइप टाकला, हात शर्टाला पुसले आणि आले. खूप वेळ बघितलं. "मॅडमनं पाठवलं," म्हणाले. "उत्तर आलं पत्राचं."

ते पुस्तक ते घरी घेऊन आले. संध्याकाळी मामीला बोलावलं, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. "वाच."

फोटोखाली तीन ओळी होत्या. उत्पादन सुरू नसतानाही, अगदी रविवारीसुद्धा, इथं कोळसा जाळला जात असे. ही अनावश्यक सवय आता कायमची बंद झाली आहे. आमच्या प्रवासातलं हे एक महत्त्वाचं पाऊल.

गाळून चालणार नव्हतं. मी तिन्ही ओळी इंग्रजीत वाचल्या, सावकाश, न अडखळता. मधे संडे आला तेव्हा मामांनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं.

"मराठीत सांग आता," ते म्हणाले.

मामी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "लिहिलंय की, हा माणूस संडेलासुद्धा भट्टी विझू द्यायचा नाही."

"कुठं हाये संडे? दाखव."

मी त्यांचं बोट धरलं आणि त्या शब्दावर ठेवलं. बोटाच्या टोकावर अजून काळी रेघ आहे, ती कितीही धुतली तरी जात नाही. मामा त्या शब्दाकडे वाकून बघत राहिले.

"मी सांगितलं म्हणून आलं," ते म्हणाले. "तू तर गाळलंच व्हतंस."